पेठेतलं कुंकू

रुखमाबाईच्या घरी उखळाखाली गोणपाटाची जाड घडी असायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. शेजारपाजारच्यांना एवढंच ठाऊक होतं, की ही आसेगावकडची बाई लोकांचं तिखट कुटून देते. तिखट ती कुटायचीच. पण ते वरचं पांघरूण. खरं काम चालायचं ते कुंकवाचं.

आसेगावात असताना तिचा नवरा उकंडराव कुंकू करायचा आणि बाजाराच्या दिवशी गावोगाव विकायचा. हळकुंडं कुटायची, चुन्याच्या निवळीत भिजवायची, सावलीत वाळवून पुन्हा कुटायची, फडक्यातून गाळायची. तो तापानं गेला तेव्हा रुखमाबाईला दुसरं काहीच येत नव्हतं. लहानग्या पंचफुलाला घेऊन ती तालुक्याच्या गावी आली. पेठेतल्या बाबूलालशेठनं तिचा माल चिमटीत धरला, बोटावर घासून पाहिला आणि दाराकडे नजर टाकून म्हणाला, "माल एक नंबर हाये, बाई. पन एक समजून घे. रांडव बाईच्या हातचं कुंकू हाये हे गावाले समजलं, तं तू बी गेली अन् मी बी गेलो."

तेव्हापासून माल मागच्या दारानं जायचा. पुढच्या दारी शेठ गिऱ्हाइकाला सांगायचा, "तुळजापूरचं हाये, ताई. देवीपाशी ठेवून आनलेलं." आणि बाया विश्वासानं घेऊन जायच्या. जिनं कुंकवाच्या करंड्याला बोटसुद्धा लावायचं नाही, तिनं कुटलेलं कुंकू सारी पेठ कपाळाला लावत होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रुखमाबाईला कोणी बोलावत नसे. ती मात्र संक्रांतीच्या महिनाभर आधीपासून मान वर न करता कुटत असे.

पंचफुला चाळायला बसायची. तिचे तळहात लाल व्हायचे. अशा हातांनी शाळेत कसं जायचं? म्हणून रुखमाबाई तिला लिंबाची फोड द्यायची. लिंबू चोळलं की लाल रंग पिवळा पडायचा, आणि पिवळ्या हातांचं कोणाला काही वाटत नसे. भाजीत हळद घालणाऱ्या साऱ्याच पोरींचे हात पिवळे. पुढे कधी चुन्याच्या पाण्यात हात गेला की तो पिवळा पुन्हा लाल. लहानपणी पंचफुलाला ही जादू वाटे. नववीत गावंडे मास्तरांनी आम्ल आणि अल्क शिकवलं, तेव्हा ती बाकावर बसल्या बसल्या हसली. मास्तरांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही.

रशियानं आकाशात गोळा सोडला, पाठोपाठ कुत्री पाठवली, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. शाळेच्या समितीचे अध्यक्ष रामराव हे मोठे जमीनदार, पेपर वाचणारे. ते शाळेत येऊन म्हणाले, "तिकडं कुत्रं आभाळात जाऊन बसलं, मास्तर, अन् आपली पोट्टी अजून चिंचेवरून खाली यायले तयार नाईत!" त्यातून विज्ञानाची स्पर्धा निघाली. शिक्षण खात्याचे एक साहेब परीक्षक म्हणून यायचे ठरले. बक्षीस रामरावांच्या पत्नी मनकर्णाबाईंच्या हातून. गावंडे मास्तरांनी वर्गात सांगितलं, घरात सापडेल अशा वस्तूंतून काही दाखवा.

पंचफुलानं घरी येऊन आईला सांगितलं. रुखमाबाई बराच वेळ चाळण आपटत राहिली.

"हळदीचं दाखवतो म्हनतं?"

"हो."

"दुसरं काई नाई का? ते आरशाचं, भिंगाचं?"

"भिंग कुठून आनू? हळद घरात हाये."

रुखमाबाईनं चाळण खाली ठेवली. "दाखव. पन कोनापासून शिकली हे नको सांगू. इचारलं तं मनजो, पेठेतून पुडी आनली, घरी करून पाह्यलं."

"माय वं, कोन इचारते?"

"इचारनारे लय असतात, बाई. निस्तरनारा एकटाच असते. मन बरं एकडाव."

पंचफुलानं म्हणून दाखवलं. पेठेतून पुडी आणली, घरी करून पाहिलं. रुखमाबाईनं ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, जसं लहानपणी परवचा घ्यायची.

स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या अंगणात मांडव होता. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. मनकर्णाबाई आपल्या ओळखीच्या साऱ्या सुवासिनी घेऊन आल्या होत्या. ठेवणीतली लुगडी, नाकात नथी, कपाळावर कुंकू, जसं लग्नाला यावं. रुखमाबाई आली नव्हती. अशा ठिकाणी ती जात नसे.

साहेबांनी सुरुवातीलाच नियम सांगितला. "मुलांच्या नावावर थोरांनी केलेली यंत्रं आम्ही फार पाहिली. म्हणून इथं निम्मे गुण प्रयोगाला आणि निम्मे मनोगताला. प्रयोग कसा सुचला, कोणाकडून शिकलात, हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं. बाकीच्या स्पर्धकांनी प्रश्न विचारायचे. शिक्षकाची मदत निघाली, तर प्रयोग बाद."

आधी दौलतसिंग उठला. त्यानं पुठ्ठ्याच्या नळीत दोन आरसे बसवून भिंतीपलीकडचं पाहायचं यंत्र केलं होतं.

"हे सुचलं कसं?" साहेबांनी विचारलं.

"भिंतीच्या तिकडचं दिसत नोतं, साहेब."

"काय पाहायचं होतं तिकडचं?"

दौलतसिंगनं हेडमास्तरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "सर येऊन राह्यले का, ते."

मांडव हसला. हेडमास्तरांनाही हसावं लागलं.

मग इंद्रभान. हा रामरावांचा मुलगा. त्यानं विजेच्या घटांवर वाजणारी घंटी आणली होती, सागवानी फळीवर बसवलेली, पितळी खिळ्यांची. अकोल्याच्या मिस्त्रीचा हात त्यात दिसत होता, पण बोलणार कोण? त्यानं पाठ केलेलं मनोगत म्हटलं. बटण दाबलं. घंटी खणखणली. टाळ्या झाल्या. प्रश्न विचारायची पाळी आली तेव्हा पंचफुलानं अगदी साध्या मनानं विचारलं, "थांबवाची असंन तं कोनती तार काढाची?"

इंद्रभाननं एक तार ओढली. घंटी थांबली नाही. दुसरी ओढली, ती तुटून हातात आली. घंटी वाजतच राहिली. बायांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं, "आता हे जेवायच्या सुटीलेच थांबते!" हशा पिकला. रामराव हसले नाहीत. शेवटी साहेबांनीच उठून घटांची मुख्य तार सोडवली, तेव्हा घंटी थांबली. इंद्रभान जागेवर जाऊन बसला आणि पंचफुलाकडे पाहत राहिला.

तिच्याजवळ होतं ते एवढंच: पांढरं फडकं, लिंबू, वाटीत चुन्याची निवळी. तिनं विचारलं, कोणाकडे कुंकू आहे का? मनकर्णाबाईंनी कौतुकानं आपला चांदीचा करंडा पुढे केला. "घे बाई. पेठेतलंच हाये, पन चांगलं हाये."

पंचफुलानं फडक्यावर कुंकवाचं ओलं बोट उमटवलं. वर लिंबू पिळलं. लाल ठिपका पाहता पाहता पिवळा झाला.

"अग्गोबाई! पुसलं का काय?" एक बाई नकळत बोलली आणि शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं.

मग निवळीचा थेंब. ठिपका पुन्हा लाल. पुरुषांच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या, बायांनीही वाजवल्या. साहेब पुढे वाकून बसले. पंचफुलानं नीट सांगितलं, हळद आंबट पदार्थात पिवळीच राहते आणि चुन्यात लाल होते. कुंकू म्हणजे दुसरं काही नाही, चुन्यानं लाल केलेली हळद.

इंद्रभान उठला. "मले इचारायचं हाये. कोनतंबी कुंकू घेतलं तरी असंच होईन?"

"नाई. कोन्या कोन्या कुंकवात दुसरा रंग राह्यते. ते बदलत नाई."

"मंग माह्या मायच्या करंड्यातलं बदलनार, हे तुले पयलेच कसं माईत? मास्तरनं सांगून ठेवलं, हो ना?"

साहेबांनी पेन्सिल उचलली. गावंडे मास्तर उभे राहिले. "नाही साहेब, मी एक शब्द सांगितलेला नाही." त्यांचा आवाज कापरा झाला आणि त्यामुळे ते खोटं बोलल्यासारखे वाटले.

"सांग, बाई," मनकर्णाबाई मायेनं म्हणाल्या. "भिऊ नको. कोनापासून शिकली?"

पेठेतून पुडी आणली, घरी करून पाहिलं. वाक्य जिभेवर तयार होतं. तेवढं म्हटलं असतं तर गुण कमी पडले असते, कदाचित दौलतसिंग पहिला आला असता, आणि संक्रांत नेहमीसारखी गेली असती. पंचफुलानं तोंड उघडलं आणि समोर पाहिलं. समोर बायांची रांग होती. एकेका कपाळावर तो लाल ठिपका, कुणाचा रुपयाएवढा, कुणाची आडवी चिरी. ते सारं कुंकू तिच्या आईच्या फडक्यातून गळून आलेलं. आजवर तिनं ते असं एका ठिकाणी पाहिलंच नव्हतं. आणि आई घरी, उखळाखाली गोणपाट घालून. पंचफुलाला वाटलं, या साऱ्याजणी हसताहेत, टाळ्या वाजवताहेत, आपल्याला बाई म्हणताहेत. आता कळलं तर काय होईल? उलट घरी जाऊन आईला सांगता येईल, की माय, तुझं नाव घेतलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"माह्या मायपासून," ती म्हणाली. "पेठेतलं सारं कुंकू माही मायच करते. रुखमाबाई नाव हाये तिचं."

टाळ्या खरंच झाल्या. तिच्या मनासारखं झालं, आणि ते जेमतेम दोन-चार श्वासांपुरतं टिकलं. साहेब म्हणाले, "शाबास, हे खरं मनोगत." रामराव उभे राहिले. मुलगा हरला होता, तेव्हा मोठेपणा दाखवणं त्यांना भागच होतं. "अशा माउलीचा सत्कार झाला पाह्यजे! विज्ञान म्हंजे कोन्या रशियात नाई, ते आपल्या घरात हाये. अन् पोरी, बाप काय करते तुहा?"

"बाप नाई. मी लहान होती तवाच वारला."

रामराव उभेच राहिले. मग त्यांनी साहेबांना बोलायची खूण केली आणि ते खाली बसले.

बायांच्या बाजूला एकही बांगडी वाजली नाही. एका तरुण सुनेचा हात पदर घेऊन कपाळाकडे गेला, तो सासूनं वरच्या वर धरला. कुंकू का कोणी असं चारचौघांत पुसतं? नवरा जिवंत असताना? हात खाली आला. मग साऱ्याजणींना एकदमच कळलं, की आपण कशात सापडलो. पुसावं तर अपशकुन, ठेवावं तर त्याहून मोठा. त्या तशाच बसून राहिल्या, मान ताठ धरून, जणू कपाळावर विंचू बसला आहे आणि हलायची सोय नाही. साहेबांचं भाषण चालू होतं. विज्ञानामुळे अंधश्रद्धेचा नाश होतो, असं ते सांगत होते. बाया ऐकत होत्या आणि एकमेकींच्या कपाळाकडे बघणं टाळत होत्या.

पहिलं बक्षीस पंचफुलाला मिळालं. रिवाज असा, की मुलीला बक्षीस देताना आधी कुंकू लावायचं. तबक तयार होतं. मनकर्णाबाईंनी तबकाकडे पाहिलं, कंपासपेटी उचलली आणि पंचफुलाच्या पुढे केलेल्या हातांत न देता टेबलावर ठेवली.

"उचल," त्या म्हणाल्या.

मांडवाच्या मागे रांजण होता. कार्यक्रम संपताच बाया तिकडे गेल्या. पाणी तोंडावर मारायचं म्हणून मारलं, कपाळ आपोआप धुतलं गेलं. पुसलं असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबूलालशेठनं दुकानातलं सारं कुंकू बाहेर आणून, लोक बघत असताना, नालीत ओतलं. मग तो पहिल्यांदाच रुखमाबाईच्या पुढच्या दारानं आला आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "मले फसवलं या बाईनं! मले सांगतलं, भाऊ तुळजापुराहून आनते!" रुखमाबाई दारात उभी राहून ऐकत होती. त्याचं ओरडून झालं, तसा तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मले बी लेकरं हायेत, बाई. समजून घे." तिनं मान हलवली. तिला समजलं होतं.

तिखटही कोणी कुटायला देईना. तिच्या हाताचं तिखट खाऊन काय होणार होतं? पण देईना.

पंचफुला रामरावांच्या वाड्यावर गेली. ते ओसरीवर पेपर वाचत होते. "सत्काराचं मनले होते तुमी," ती म्हणाली. ते म्हणाले, "लोक अडानी हायेत, पोरी. येळ लागते." आतून मनकर्णाबाई गड्याला सांगत होत्या, कारंज्याहून कुंकू आण, आणि कोणाच्या हातचं आहे ते विचारून आण. रामरावांनी पेपरचं पान उलटलं.

शाळेत भिंतीवर मोठा कागद लागला: 'स्पर्धकांची मनोगते'. इंद्रभानचं मनोगत सगळ्यांत लांब होतं. घंटीच्या मागे त्यानं किती संध्याकाळी घालवल्या ते त्यात होतं. दौलतसिंगच्या मनोगतातून हेडमास्तर गाळले होते. पंचफुलाच्या नावाखाली एकच ओळ होती: 'हळद हा आम्ल व अल्क ओळखण्याचा सोपा पदार्थ आहे.' गावंडे मास्तर तिच्या मागे येऊन उभे राहिले. "तू चुकली नाहीस," ते म्हणाले. मग इकडेतिकडे पाहून निघून गेले.

एवढं सगळं रुखमाबाईनं पोरीला एका शब्दानं न दुखवता सोसलं. काहून सांगितलं, म्हणून विचारलं नाही. पंचफुलाला वाटत होतं, आई आपल्या बाजूनं आहे. लोक वेडे, आपण दोघी शहाण्या.

मग सोजरबाई आली. मागच्या गल्लीतली, वयानं लहानच. दिवाळीत शेतात साप चावून तिचा नवरा गेला होता. ती दारात उभी राहिली. ओरडली नाही. भांडायला आलेल्या बाईचा पदर खोचलेला असतो, तसा तिचा नव्हता.

"वसुबारसेले मी नवी पुडी आनली होती," ती म्हणाली. "तुमच्याच हातची होती ना ते?"

पंचफुला पुढे झाली. "मावशी, ते निस्ती हळद हाये. हळद अन् चुना. मी तुमाले दाखवतो..."

सोजरबाईनं तिच्याकडे पाहिलंच नाही. "मी तुमाले इचारून राह्यली, बाई. ते कुटताना तुमच्या मनात काय होतं?"

पंचफुला आईच्या तोंडाकडे पाहत राहिली. आता आई बोलेल. आता म्हणेल, की सापाला काय कळतं कुंकू कोणी कुटलं ते.

रुखमाबाई उठली. तिनं हात जोडले. "मनात काई नोतं, बाई. पोट होतं." आणि मग वाकून, आपल्याहून एवढ्या लहान बाईच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं. "चुकलं माहं. माहा हात लागला."

सोजरबाईनं पाय मागे घेतले. तिला हवं होतं ते मिळालं होतं, पण त्याचं करायचं काय हे तिला कळत नसावं. पदर सावरून ती गेली.

"काहून पाया पडली?" पंचफुलाचा आवाज चढला. "कशाचा हात लागला? साप चावला त्याले!"

"हो. सापच चावला."

"मंग?"

रुखमाबाई भिंतीला टेकून बसली. "पेठेतून कोनाची बी तिरडी निंगाली का मी दारात येऊन पाहो. बाया मांगं रडत जात. मी मनो, हिच्या कपाळावर माहं होतं. मंग घरात येऊन पुन्ना कुटत बसो. दर खेपीले मनो, हे शेवटचं. पन तुही शाळा होती."

पंचफुलाला आधी समजलंच नाही. मग समजलं. गावातल्या बाया आता जे म्हणत होत्या, ते ही सारी वर्षं स्वतःशी म्हणत आली होती. आणि ते खरं धरूनच कुटत आली होती.

"तुले खरं वाटते हे?"

"खरं-खोटं तुह्या शाळेत. मले माहे हात माईत हायेत."

चाळणीत तळाला थोडं कुंकू राहिलं होतं. पंचफुलानं चाळण आईपुढे आणून ठेवली. "लाव. मले लाव तुह्या हातानं. काई होते का पाहू."

"येडी झाली का?"

"लाव मनतो ना. प्रयोग हाये मन."

रुखमाबाईनं दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसली. पंचफुलानं मनगट धरून ओढलं. आई कुटून कुटून लोखंडासारखी झालेली, पण पोरही तिचीच. दोघी तोंडातून अवाक्षर न काढता झटत राहिल्या, चाळण कलंडली, कुंकू जमिनीवर सांडलं. एक हात सुटून कपाळाजवळ आला, तशी रुखमाबाईनं खाली वाकून पोरीच्या मनगटाला चावा घेतला. पंचफुलानं किंचाळून हात सोडला. रुखमाबाई कोपऱ्यात सरकली, हात पाठीमागे बांधून.

"दूर राह्य माह्यापासून," ती म्हणाली. "तुहं आयुष्य पडलं हाये अजून."

संक्रांत व्हायच्या आत त्या दोघी धनजकडे कापूस वेचायला निघून गेल्या. तिथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं. सकाळी शेतावर जायच्या आधी मजूर बाया पालांपुढे बसून आपापल्या पोरींच्या वेण्या घालत. पंचफुला एकटी, काळ्या दोऱ्याचं टोक दातांत धरून, स्वतःची वेणी स्वतः घालायची. मागून भांग वाकडा जायचा.

"काय वं," एका बाईनं रुखमाबाईला विचारलं, "पोरीची एनी नाई घालत काहून?"

"मोठी झाली आता ते," रुखमाबाई म्हणाली. तिनं वेचलेल्या कापसासाठी ओटी बांधली आणि ती पऱ्हाटीच्या तासाला, आपल्या ओळीला लागली, मुलीपासून चार तासं सोडून.